वहीत नसलेलं वावर

विदर्भातल्या कापूसपट्ट्यात पावसाळ्याच्या दिवसांत एकाच गावात दोन प्रकारचे विद्यार्थी भेटू शकतात. एक कृषी महाविद्यालयाचे. शेवटच्या वर्षी त्यांना ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात ते ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून. बीजप्रक्रिया कशी करायची, माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा, निंबोळी अर्क कसा काढायचा, हे ते करून दाखवतात. दुसरे वैद्यकीय महाविद्यालयाचे. पांढरा अ‍ॅप्रन, गळ्यात ओळखपत्र, हातात कुटुंबाची माहिती भरायची वही. घरात माणसं किती, पाणी कुठलं, संडास आहे का, बाळाच्या लसी झाल्या का, आजीचं बीपी किती, हे ते लिहून घेतात. कृषिदूत पिकाची चौकशी करतो, होऊ घातलेला डॉक्टर शरीराची. पाठीवर फवारणीचा पंप अडकवून सकाळीच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, शिरलेला माणूस मात्र दोघांच्याही वहीत सहसा सापडत नाही. ते दारात येतात तेव्हा तो वावरात असतो.

सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं शेतकरी गावांत काय करतात आणि काय करू शकतील, हे पाहायचं तर त्या वावरापर्यंत जावं लागेल. पण वाट सेवाग्रामवरून जाते.

*

१९३९ साली सुशीला नय्यर नावाची तरुण डॉक्टर सेवाग्रामला आली, त्यानंतर लवकरच वर्ध्याच्या परिसरात कॉलऱ्याची साथ आली. ती साथ तिने जवळपास एकटीने हाताळली. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं उच्च शिक्षण घेतलं. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. दिल्लीत एवढं पद भूषवून झाल्यावर माणसं सहसा दिल्लीतच राहतात. नय्यर परत आल्या आणि १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, त्यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात निघालेलं देशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय.

इथली पद्धत त्या वेळी वेगळी होती आणि बऱ्याच अंशी आजही आहे. प्रवेश मिळालेली मुलं आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. पहाटेची प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, खादी. शहरातून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला यातलं किती रुचत असेल याबद्दल मला शंका आहे, पण मुद्दा आवडीचा नाहीच. त्यानंतर येतं गाव. प्रत्येक तुकडी परिसरातलं एक गाव दत्तक घेते आणि तिथे पंधरा दिवसांच्या शिबिरात मुक्काम करते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे चार-पाच कुटुंबं सोपवलेली असतात. घरातल्या प्रत्येकाची तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन, मुलांची वजनं, शौचालयं, विहिरी, आहार, सगळ्याची नोंद होते. सगळ्या विभागांचे प्राध्यापक गावात येऊन रुग्ण तपासतात. शिबिर संपलं की बाकीची महाविद्यालयं जिथे थांबतात तिथे सेवाग्राम थांबत नाही. पुढची काही वर्षं ही मुलं महिन्यातल्या एका शनिवारी त्याच गावात, त्याच घरांत परत जातात.

ही परत जाण्याची सवय मला या साऱ्या व्यवस्थेचा कणा वाटते. पहिल्या भेटीत गावकरी पाहुण्याला उत्तरं देतात. घरात दारू आहे का? नाही. उघड्यावर जाता का? नाही. सगळं ठीक आहे का? ठीक आहे जी. चौथ्या-पाचव्या भेटीत चहा मिळतो, आणि मग कळतं की थोरल्याचं डोकं फवारणीनंतर दोन दिवस ठणकत होतं आणि तो दुकानातून गोळी आणून झोपला होता. सर्वेक्षणाच्या पहिल्या दिवशी हे कुणी सांगत नाही. कुणी विचारलेलंही नसतं.

याच संस्थेतले डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची जी योजना उभी केली तिचा हप्ता ज्वारीत होता. खळ्यावर पीक आलं की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, तिचा निधी गावाने राखायचा आणि त्या बदल्यात गावाला रुग्णालयाची सेवा मिळायची. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. पैसे हातात नसतात पण धान्य असतं, असा शेतकऱ्याच्या वर्षातला काळ ओळखून आखलेली ही योजना. आरोग्याचं काम शेतीच्या पंचांगाशी जुळवायचं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात साधं उदाहरण हेच.

सेवाग्रामने अर्धं शतक जे केलं ते आता देशभर अनिवार्य झालं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ अभ्यासक्रमात आणला. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली तीन ते पाच कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या संपर्कात राहायचं. कल्पना उत्तम आहे. कागदावर. कारण वर्षाला शंभर-दीडशे मुलं, त्यांच्यासाठी एक बस, समाजवैद्यक विभागातले मोजके शिक्षक आणि तिसऱ्या वर्षापासून डोक्यावर बसलेली पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, एवढ्या सामग्रीवर नातं जुळत नाही. पुष्कळ ठिकाणी वही भरली जाते, गटाचा फोटो निघतो, बस परत येते. गावंही हुशार असतात. कोण सही घ्यायला आलंय आणि कोण बसायला आलंय, हे त्यांना दारातच कळतं.

*

वही भरली तरी तिच्यात काय भरायचं असतं, हा खरा प्रश्न. कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. त्यात ‘शेती’ किंवा ‘शेतमजुरी’ असं लिहिलं की तो विषय संपला. हा रकाना बहुतेक वेळा कुटुंबाचा आर्थिक स्तर काढण्यापुरता वापरतात. त्या व्यवसायाने शरीराचं काय केलं, हे विचारायला पुढे जागा नसते.

इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? त्याच्या ग्रंथात शेतकऱ्यांवरही प्रकरण आहे. सव्वातीनशे वर्षं झाली, तरी आपल्या बाह्यरुग्ण विभागात ‘काय काम करता’ पर्यंतच आपण पोचतो. ‘काल वावरात काय मारलं’ हा त्यापुढचा प्रश्न क्वचितच येतो.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. भारतातला जवळपास प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी समाजवैद्यक शिकतो ते ‘पार्क’ या जाडजूड पुस्तकावरून. त्यात व्यावसायिक आरोग्याचं प्रकरण आहे: सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, गिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, आणि शेतीसाठी प्राण्यांपासून होणारे रोग, अपघात, विषबाधा, ऊन-पाऊस आणि श्वसनाचे आजार अशी एक आटोपशीर यादी. ती पाठ केली की परीक्षेपुरतं काम होतं. कायद्याची स्थितीही अशीच. १९४८ च्या कारखाने कायद्याने गिरणीत पंखा, पाणी, यंत्राला जाळी आणि तपासायला निरीक्षक आणला. वावराला निरीक्षक नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ११ कोटी ९० लाख शेतकरी आणि १४ कोटी ४० लाखांवर शेतमजूर नोंदले गेले. देशात कुठल्याच कारखानदारीत एवढी माणसं राबत नाहीत.

*

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे झालं, त्याने हा रकाना रिकामा ठेवण्याची किंमत दाखवली. कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर मळमळ, चक्कर, अंधारी, डोळ्यांची आग अशा तक्रारी घेऊन दवाखान्यांत येऊ लागले. राज्यभर बातमी झाली ती सप्टेंबर सरता सरता. तोवर रुग्ण अनेक आठवडे येत होते. हंगाम संपेपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, आठशेहून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष चौकशी पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

या भागात विषबाधेचे रुग्ण डॉक्टरांना नवे नव्हते. पण आजवरचे बहुतेक रुग्ण विष प्यायलेले असायचे. या वेळी आलेल्यांनी काही प्यायलं नव्हतं, ते फक्त कामावर गेले होते.

तेव्हा नेमकं काय जुळून आलं, ते समजून घ्यायला हवं. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती, कित्येक ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या वर, आणि दाट. कंबरेएवढ्या पिकावर फवारा खाली जातो. डोक्यावरच्या पिकावर तो वर मारावा लागतो आणि तुषार चेहऱ्यावर, छातीवर परत येतात. दाटीत हवा खेळत नाही. त्यात गुलाबी बोंडअळी. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटी बियाण्याला ती तोवर पुरून उरली होती, म्हणून फवाऱ्यांची संख्या वाढली. एका औषधाने भागेना म्हणून दोन-तीन औषधं, वर एखादं ‘टॉनिक’, असं मिश्रण करून मारणं सर्रास झालं. सल्ला देणारा बहुधा कृषी केंद्राचा दुकानदार, म्हणजे माल विकणाराच. शिवाय हाताच्या पंपाची जागा बॅटरीच्या पंपाने घेतली होती. त्यात दांडा मारायचे कष्ट नाहीत, फवारा बारीक आणि एकसारखा, त्यामुळे माणूस न थांबता तासन्तास फिरू शकतो. बऱ्याच ठिकाणी मजुरी ठरते ती किती पंप मारले यावर. दुपारी सावलीत बसणं म्हणजे पैसे सोडणं.

आता विष शरीरात जातं कसं, ते बघा. बहुतेकांना वाटतं, नाकातोंडातून. म्हणून गमछा बांधतात. खरं तर फवारणीत सगळ्यात मोठी वाट कातडीची असते. पाठीवरची टाकी झाकणाशी गळते, शर्ट भिजतो, ओघळ कंबरेखाली जातो. पॅराथिऑन या कीटकनाशकाचे माणसांवर झालेले प्रयोग सांगतात की जांघेतली, अंडकोशावरची त्वचा हे विष कोपर ते मनगट या भागातल्या हाताच्या त्वचेपेक्षा जवळजवळ १२ पट वेगाने शोषते. घामेजलेल्या त्वचेतून विष शिरायला आणखी सोपं. म्हणजे तोंडाला फडकं आणि खाली भिजलेली चड्डी, या वेषात माणूस स्वतःला सुरक्षित समजून दिवसभर विष पीत असतो. नोझल तुंबलं की ते तोंडाने फुंकायचं, बाटलीचं झाकण दाताने उघडायचं, ड्रममधलं मिश्रण हाताने ढवळायचं, हे आणखी वेगळं. ‘काय नाही होत जी, सवय झाली,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जातंतू आणि स्नायूंमधला निरोप थांबवणारं एन्झाइम निकामी करतात. मग लाळ, अश्रू, घाम, जुलाब थांबत नाहीत. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यावर अ‍ॅट्रोपिन आहे, आणि ते वेळेवर, पुरेशा मात्रेत दिलं तर माणूस वाचू शकतो. पण डायफेन्थिउरॉन किंवा फिप्रोनिलसारख्या औषधांवर उतारा नाही, लक्षणं पाहून सांभाळावं लागतं. अशा तिन्ही औषधांचं मिश्रण अंगावर घेतलेला माणूस समोर आला तर डॉक्टरने काय समजायचं? त्याला बाटली पाहायला मिळाली तर निम्मं काम होतं. ती बाटली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेली असते.

*

अशा गावात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा काय करू शकतो? इलाज तो करू शकत नाही. त्याने करूही नये. पण विचारू शकतो. या हंगामात घरातल्या कोणी फवारणी केली? किती दिवस, किती पंप? कोणतं औषध? बाटली कुठे ठेवता? रिकामी झाली की काय करता? फवारणीनंतर डोळ्यांची आग, उलटी, चक्कर, अंधुक दिसणं, यांतलं काही झालं? झालं तेव्हा कुठे गेलात? हे प्रश्न विचारायला वीस मिनिटं लागतात आणि स्टेथोस्कोप लागत नाही. शंभर मुलांनी प्रत्येकी चार घरांत विचारले तर एका गावाचा पूर्ण नकाशा हाती येतो. महिन्याला एकदा तीच मुलं तेच विचारायला आली, तर जुलैत तुरळक असलेल्या तक्रारी सप्टेंबरमध्ये वाढताहेत हे दवाखान्यात गर्दी होण्याआधी कळेल. साथरोग विभाग तापाच्या रुग्णांसाठी हेच करतो. फवारणीसाठी आपण ते करत नाही.

सल्ला देण्याच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. ‘संरक्षक किट वापरा’ हे वाक्य भित्तीपत्रकावर छान दिसतं. उन्हाचा तडाखा, गुडघाभर चिखल आणि वर रबराचे हातमोजे, प्लास्टिकचा डगला, चष्मा. असा पोशाख घालून अर्धा तास चाललं तर माणूस विषाने नाही, उष्म्याने कोसळेल. कारखान्यातल्या सुरक्षेचं शास्त्र सांगतं की आधी धोका काढून टाका, नाही जमलं तर सौम्य पर्याय आणा, मग यंत्र सुधारा, कामाची पद्धत बदला, आणि सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी अंगावर चिलखत चढवा. शेतकऱ्याला आपण या शिडीच्या शेवटच्या पायरीपासून सुरुवात करायला लावतो, आणि ते चिलखतही त्यानेच विकत घ्यायचं. बंगळूरूच्या इन्स्टेम या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कीटकनाशकाला स्पर्शातच निष्प्रभ करणारं कापड तयार केलं. त्यापासून शिवलेला ‘किसान कवच’ हा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये आला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, तेव्हा किंमत सुमारे ४,००० रुपये होती. शोध मोलाचा आहे. पण रोजंदारीवर फवारणाऱ्याला तो कोण घेऊन देणार, हे ठरलेलं नाही.

त्यापेक्षा लहान आणि आज करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. टाकीचं झाकण आणि वायसर तपासणं, पाच-दहा रुपयांच्या वायसरने पाठीवरचा ओघळ थांबतो. पाठीला टाकी टेकते तिथे प्लास्टिकचा एक तुकडा. धुऱ्यावर साबण आणि पाण्याची वेगळी घागर. नोझलसाठी जुना टूथब्रश. वारा पाठीशी घेऊन चालणं. डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत शिरायचंच नाही. शेंडा वेळेत खुडला तर ती वेळ येत नाही, आणि हे सांगायचं काम कृषिदूताचं. इथे दोन्ही विद्यार्थ्यांची गाठ पडायला हवी होती. कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले ते मोजून मगच फवारा ठरवा, हे सांगणारी कृषिकन्या प्रत्यक्षात त्या शेतकऱ्याच्या शरीरात जाणारं विष कमी करत असते, पण तिच्या प्रकल्प अहवालात ते उत्पादन खर्चातली बचत म्हणून नोंदलं जातं. आणि पलीकडच्या गल्लीत बाहुलीचा आकार बघायला शिकलेला मुलगा त्याच शेतकऱ्याच्या घरी मिठाचं प्रमाण समजावत बसलेला असतो.

बायकांचं तर विचारूच नका. वहीत त्यांच्यासाठी पुष्कळ जागा असते: बाळंतपणं किती, लोहाच्या गोळ्या घेतल्या का, कुटुंबनियोजन. पण फवारणीच्या दिवशी विहिरीवरून ड्रमपर्यंत पाणी वाहणारी बाई, रात्री नवऱ्याचे भिजलेले कपडे घरच्या कपड्यांसोबत हाताने धुणारी बाई, फवारलेल्या वावरात दुसऱ्याच दिवशी निंदणाला गेलेली आणि दिवाळीत वेचणी करणारी बाई, ही वहीतल्या कोणत्याच प्रश्नात बसत नाही. तिला आरोग्य खातं आई म्हणून ओळखतं, मजूर म्हणून नाही.

*

फवारणीइतकाच जुना धोका सापाचा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने मांडला. यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्याचं उद्दिष्ट आहे.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं शाळेतल्या पोरालाही माहीत असतात. विद्यार्थ्यांनी गावात जाऊन ती पुन्हा सांगायची गरज नाही. विचारायचं हे की रात्री पाणी द्यायला वावरात कोण जातं. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने मिळते आणि पाळी रात्रीची आली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात, बहुधा अनवाणी, दांडात उतरतो. त्याच्या पायाला घोणस चावली तर त्या दंशाचं एक कारण विजेच्या वेळापत्रकात असतं. मण्यार मात्र घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला झोपेत चावते, आणि दंशाची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरच्यांना वाटतं अपचन. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा उपाय, आणि मच्छरदाणी वाटण्याचा अनुभव आरोग्य खात्याला मलेरियामुळे आहेच.

दंशानंतरचं शिकवणं सोपं आहे. घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका, पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. पण गावातला शहाणा माणूस यावर विचारतो, ‘जायचं कुठं? तिथं औषध हाय का?’ हा प्रश्न टाळू नये. आपल्या दत्तक गावापासून सगळ्यात जवळची प्रतिविषाची कुपी कुठे आहे, रात्री दोन वाजता तिथे डॉक्टर असतो का, रस्त्यात पूल वाहून जातो का, हे त्या गावाला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असलं पाहिजे.

निरीक्षणातून काय उभं राहू शकतं याचा दाखला महाराष्ट्रात घरचाच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर तरुणपणी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत मरत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. हृदय आणि फुप्फुसांवर नेमका काय परिणाम होतो ते ओळखलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून पाहिलं. गंभीर दंशात शंभरातले तीसच्या आसपास जायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं. हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं तेव्हा हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, वही होती.

बाकीच्या धोक्यांची यादी मोठी आहे, नुसती उल्लेखून पुढे जातो. मळणी यंत्रात जाणारे हात. यासाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे. कठडा नसलेल्या विहिरी. पंपाच्या पेटीत उघडी वायर. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली पोरं. मे महिन्याच्या उन्हात नांगरट. यांतलं काहीच वैद्यकीय नाही, आणि यांतल्या प्रत्येकाचा शेवट दवाखान्यात होतो.

*

सल्ल्याच्या पलीकडे काय असतं, हे पाहायला श्रीलंकेत जावं लागेल. मायकेल एडलस्टन हा ऑक्सफर्डचा वैद्यकीय विद्यार्थी तीन महिन्यांच्या प्रकल्पासाठी अनुराधपुराला गेला होता. भातशेतीचा मुलूख. विष प्यायलेले तरुण शेतकरी रुग्णालयात रोज येत. तो त्याच प्रश्नाला आयुष्यभर चिकटला, आज एडिंबरा विद्यापीठात त्याच विषयाचा प्राध्यापक आहे. तिकडे श्रीलंका सरकारने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली, पुढे पॅराक्वॉट, डायमेथोएटही बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. या बंदीमुळे शेतीचं उत्पादन घटलं, असं अभ्यासांत दिसलं नाही.

श्रीलंकेतल्या शेतकऱ्याचं दुःख त्या वीस वर्षांत संपलं नव्हतं. रागाच्या, निराशेच्या त्या अर्ध्या तासात हाताशी असलेली बाटली कमी जीवघेणी होती, एवढाच फरक. विदर्भातल्या आत्महत्यांवर आपण कर्ज, हमीभाव, सिंचन यांबद्दल बोलतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण घराच्या कोनाड्यात, धान्याच्या पोत्याशेजारी काय ठेवलं आहे, हा प्रश्नही त्याच चर्चेत यायला हवा. बाटलीवरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल असेल तर ते अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, अशी उतरंड १९७१ च्या नियमांनी ठरवलेली आहे. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे. गावात कोणत्या रंगाच्या किती बाटल्या आहेत, हे मोजायला दोन शनिवार पुरतात. ती मोजणी जिल्हा परिषदेच्या आणि कृषी खात्याच्या टेबलावर ठेवणं हे विद्यार्थ्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते आरोग्य शिक्षणाच्या तक्त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

आणखी एक मोजणी हवी आहे. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, विजेचा धक्का, विषबाधा, विहिरीत पडणं अशा कारणांनी मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. लाभ मिळतो तो सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही आणि जो दुसऱ्याच्या वावरात पंपाच्या हिशोबाने फवारतो, तो या योजनेच्या व्याख्येत बसत नाही. अशी माणसं गावात किती, हे कुठल्याच कार्यालयाच्या नोंदीत नाही. दारोदार जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते सहज कळू शकतं.

वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी जोडलेली कृषी महाविद्यालयंही आहेत. समाजवैद्यकाच्या विभागप्रमुखांनी आणि रावेच्या समन्वयकांनी पुढच्या जूनपूर्वी एकदा एकत्र बसावं, दोन्हीकडच्या मुलांना एकच गाव द्यावं आणि कुटुंबाच्या वहीत फवारणीचं एक पान जोडावं. त्यासाठी वैद्यकीय आयोगाची परवानगी लागत नाही आणि खर्च येतो तो एका पानाच्या झेरॉक्सचा.